सातवे टिंब

मास्तर, तुमचे शेवटचे टिंब मला अजून सुटलेले नाही.

काल सकाळी रहीमभाई अमरावतीहून अकोल्याला आले, ते थेट शाळेत. मी वर्गावर होतो. तुमच्या शेजारचे रहीमभाई, पुस्तकांची बांधणी करणारे. त्यांच्या दुकानातल्या खळीचा वास तुमच्या खोलीत नेहमी भरलेला असे. ते दाराशी उभे राहिले आणि आत येईनात, तेव्हाच मला कळायला हवे होते. मी बाहेर गेलो.

"मास्तर गेले, सखाराम. आज पाचवा दिवस." त्यांनी अंगरख्याच्या आतून घडी घातलेले कागद काढले. "हे तुहं पत्र. उशाखाली होतं. पूरा नहीं हुआ उनसे."

महिन्यापूर्वी मी तुम्हाला पाठवलेले पत्र होते ते. चार पाने. पहिल्या पानाच्या समासात तीन टिंबे, दुसऱ्या पानाच्या समासात तीन. तिसऱ्या पानावर वरून चौथ्या ओळीपाशी एक. त्यापुढे काही नाही. चौथे पान कोरडेच राहिले.

तुम्ही गेलात हे मला रहीमभाईंच्या तोंडून ऐकून कळले. पटले मात्र ते चौथे पान पाहून.

मुंबईला कॉलेजात गेलो तेव्हापासूनचा आपला हा रिवाज. इतरांना पत्राचे उत्तर येई, मला माझेच पत्र परत येई. सोबत तुमची दोन-चार ओळींची चिठ्ठी आणि माझ्या पत्राच्या समासात टिंबे. खोलीवरचे सोबती हसत. "सखाराम, तुझं पत्र पत्त्यावर पोचत नाही रे, पुन्हा परत आलं बघ!" मी त्यांना समजावत बसलो नाही. कुठली चूक ते तुम्ही कधी लिहीत नसा. ज्या ओळीत चूक, त्या ओळीपाशी टिंब, एवढेच. चूक शोधायची मी. आणि एका पानाला तिनाहून जास्त टिंबे नाहीत, मग चुका कितीही असोत. एकदा मी विचारले होते, बाकीच्यांचे काय? तुम्ही म्हणालात, "त्या कुठं पळून जातात? पुढच्या पत्रात भेटतील."

मी शाळेत आलो तेव्हा अमेरिकेत लढाई चालू होती आणि आमच्याकडे कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. वलगावहून अमरावतीला यायला मला पायी चालावे लागत नसे. पहाटेपासून कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असे, कोणत्याही गाडीवर चढून बसायचे. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या. वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा, कारण कापूस वेचायला जाणाऱ्या पोराला रोजाचे पैसे मिळत होते आणि शाळेत येणाऱ्याला काही मिळत नव्हते. माझ्या डोक्यातला कापूस तुम्ही पहिल्या दिवशी स्वतः वेचून काढलात आणि म्हणालात, "हा इथं विकत घेत नाहीत."

तुम्ही पुण्याकडचे. आम्ही "मले, तुले" म्हणायचो, तुम्ही "मला, तुला". पोरांनी तुमचे नाव ला-मास्तर पाडले होते. तुम्हाला ते माहीत आहे हे आम्हाला माहीत नव्हते. मग एकदा फळ्याशी उभे राहून तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "आज ला-मास्तर द्वितीया आणि चतुर्थी शिकवणार आहेत." पोरांनी माना खाली घातल्या. मग तुम्हीच हसलात.

पण तुम्ही आमच्या बोलण्याला कधी नावे ठेवली नाहीत. "वहीत ला लिही," तुम्ही मला सांगितलेत, "परीक्षा घेणारा माझ्याकडचा आहे. घरी मात्र ले म्हण. आईशी ला बोललास तर ती विचारेल, हा कोणाचा मुलगा?"

वही तपासायला तुम्ही आम्हाला टेबलापाशी बोलावत नसा. आमच्याजवळ तरटावर येऊन बसत असा, आमचाच बोरू आमच्याच दौतीत बुडवून टिंब देत असा. लहानपणी मला वाटे, मास्तरांकडे शाई नाही. पुष्कळ वर्षांनी मी स्वतः शिकवायला लागलो तेव्हा ते उमगले. टिंब आमच्याच शाईचे असले की चूकही आमची आणि दुरुस्तीही आमचीच. आणि बोलणे इतके हळू की शेजारच्या पोराला ऐकू जाऊ नये. तुम्ही कधी "शाबास" म्हटलेले मला आठवत नाही. एखादी ओळ चांगली साधली तर ती एकदा मोठ्याने वाचत असा, तेवढीच, आणि वही परत देत असा. त्या एका वाचनासाठी आम्ही आठ-आठ दिवस झटत होतो.

कौंडण्यपूरच्या जत्रेवरचा निबंध तुम्हाला आठवतो का? मी लिहिले होते, "आम्ही जत्रेला गेलो. नदीचे पाणी निर्मळ होते. फार मजा आली." तुम्ही "फार मजा आली" पाशी टिंब दिले. मी दिवसभर ऱ्हस्व-दीर्घ तपासले. काना, मात्रा, वेलांटी, सगळे बरोबर. शेवटी शाळा सुटताना तुमच्याकडे आलो.

"मास्तर, या ओळीत चूक नाही."

"देवळातून खाली उतरताना वर्धा नदी कोणत्या हाताला लागते?"

मी वहीची पाने उलटू लागलो.

"मग आहे चूक," तुम्ही म्हणालात.

मी जत्रेला गेलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी मी लिहून आणले, "आमची गाडी कापसाला गेली, म्हणून या वर्षी आम्हाला कोणी जत्रेला नेले नाही. मी रस्त्यावर उभा राहून जत्रेला जाणाऱ्या गाड्या मोजल्या." ती ओळ तुम्ही मोठ्याने वाचलीत. माझ्या आयुष्यातली पहिली ओळ. त्या दिवशी मला समजले की टिंब खोट्यालाही मिळते.

असे तुम्ही, आणि एकदाच तुमचा नियम मोडलात. त्यावरून आपले जे भांडण सुरू झाले ते शेवटपर्यंत मिटले नाही.

माझे वडील त्या हंगामात कापसाची गाडी घेऊन गेले होते. आगगाडी तेव्हा आमच्यापर्यंत आलेली नव्हती. रूळ जिथे संपत तिथवर गाड्या जात. महिना उलटला तरी वडील परतले नव्हते. तुम्ही वर्गाला वडिलांना पत्र लिहायला सांगितले होते. बाकीच्या पोरांनी खोटीच पत्रे लिहिली, माझे खरे होते. शेवटी मी लिहिले, "आईला गमत नाही. लवकर यावे." ला मी आठवणीने लिहिला होता. त्याच दुपारी व्यापाऱ्याचा माणूस तिकडे निघणार होता. पत्र त्याच्याबरोबर धाडायचे ठरले. टिंब द्यायला आणि मी चूक शोधायला वेळ नव्हता. तुम्ही वही ओढून घेतलीत. पुस्तकात गमणे म्हणजे वाटणे, भासणे. आईला काय गमत नाही, ते वाक्यात नाही. तुम्हाला वाटले, पोराचा शब्द चुकला. तुम्ही "गमत" वर रेघ मारलीत आणि वर लिहिलेत "समजत". मी तसेच उतरवून दिले. तुम्ही खोडलेला शब्द बरोबर असू शकतो, हे माझ्या मनातही आले नाही.

आठव्या दिवशी वडील शाळेच्या ओसरीवर उभे होते. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, हातात ते पत्र.

"मास्तर कोन हाय इथं?"

"मीच. या, बसा."

"बसाले नाई आलो. हे वाचा."

तुम्ही वाचलेत, "आईला समजत नाही. लवकर यावे."

"गुमास्त्यानं मले हेच वाचून दाखवलं. म्हने, बायकोची शुद्ध गेली तुह्या, पय, जाय घरी. गाडी दुसऱ्याच्या हवाली केली अन् तीन दिस चाललो मी, मास्तर! घरी येऊन पाह्यतो तं बाई आंगनात गोवऱ्या थापून राह्यली. अन् मलेच इचारते, काहून आले? बैल कुठी हायेत?"

मागून कोणी तरी खिदळले.

"हासू नका बे!" वडील गरजले. मग माझ्याकडे वळले. "सख्या, तू लिवलं हे?"

"नाई बा. म्या लिवलं होतं, आईला गमत नाई."

"मंग?"

मी तुमच्याकडे पाहिले. आता तुम्ही काय म्हणाल याची मला धास्ती होती. पोराची चूक म्हणालात तर घरी मार, आणि शाळेत मी पुन्हा कधी काही खरे लिहिले नसते.

"तो शब्द मी बदलला," तुम्ही म्हणालात. "मला तो कळला नाही."

"कळला नाई तं पोट्ट्याले इचाराचं होतं ना!"

"हो. विचारायला हवं होतं."

वडील भांडायच्या तयारीने आले होते. समोरचा माणूस एका वाक्यात हरला, तेव्हा त्यांची पंचाईत झाली. त्यांनी माझी पाटी उचलली होती, मला घरी न्यायला. ती तशीच हातात राहिली. उगाच काही तरी बोलायचे म्हणून त्यांनी विचारले, "तुमी कुठचे, मास्तर?"

"पुण्याकडचा."

"बायकापोरं?"

"तिकडेच."

"किती वर्सं झाले?"

"तिसरं चालू आहे."

वडिलांनी तुमच्याकडे नीट पाहिले. "गमते तुमाले इथं?"

मी तुम्हाला अर्थ सांगायला तोंड उघडले, पण तुम्ही हाताने मला थांबवलेत. तुम्ही ओसरीबाहेरच्या रस्त्याकडे पाहत होतात, जिथून गाड्या जात होत्या.

"नाही," तुम्ही म्हणालात. "नाही गमत."

"आता समजलं तुमाले," वडील म्हणाले. पाटी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "राहू द्या पोट्टं शाळेत. पन यानं लिवलेलं यालेच दुरुस्त करू द्या."

ते गेल्यावर तुम्ही माझ्याजवळ येऊन बसलात. माझा बोरू माझ्या दौतीत बुडवलात आणि वहीत तुमच्या "समजत" या शब्दाच्या ओळीपाशी टिंब दिलेत. स्वतःला दिलेले टिंब. ती वही माझ्याजवळ आहे, मास्तर. मुंबईला नेली होती, इथेही आणली आहे. बी. ए.चा कागद कुठे ठेवला ते मला कधी कधी शोधावे लागते, त्या वहीची जागा मला पाठ आहे.

घरी आई काय म्हणाली ते मी तुम्हाला कधी सांगितले नाही. आज सांगतो. ती गोवऱ्यांचे हात धूत हसत म्हणाली, "बरं झालं बाप्पा त्या मास्तरानं शब्द बदलला. गमत नाई म्हून कोन घरी येते?"

तो शब्द तुम्हाला कळला, तरी तुम्ही तो लिहू दिला नाहीत. "करमत नाही असं लिही. तोच अर्थ." मी म्हणायचो, तोच नाही. करमत नाही याला काही तरी उपाय असतो, कोणी आले, दोन गोष्टी बोलल्या की करमते. गमत नाही ते एका माणसापायी असते, तो आल्याशिवाय जात नाही. तुम्ही म्हणायचात, हा फरक तुझ्या आईच्या अंगणातला आहे, मराठीच्या पुस्तकात नाही. मी म्हणायचो, पुस्तकात नाही तर घाला. मुंबईहून मी मुद्दाम तो शब्द पत्रात लिहायचो, आणि टिंब आल्याखेरीज राहत नसे. तिनांपैकी एक टिंब त्याच्यासाठी राखून ठेवलेले. शेवटच्या वर्षी मी हार मानली. करमते लिहू लागलो. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. मला वाटले होते, तुम्हाला बरे वाटेल.

गाडीवानाचा मुलगा पदवीधर झाला म्हणून लोक माझे कौतुक करतात. तुमचे कोणी केले नाही. माझी फी माफ व्हावी म्हणून तुम्ही किती अर्ज लिहिलेत, मला त्यांचा सुगावा फार उशिरा लागला. आणि मी पदवी घेऊन इथे शिकवायला आलो तेव्हा काय केले? लाल शाई विकत आणली. पातूरच्या एका मुलाने लेण्यांवर निबंध लिहिला होता. आत शिरल्यावर अंगावर येणारा गारवा, वटवाघळांचा वास, हाक मारली की आपलाच आवाज वेगळा होऊन येतो ते. मी त्यात सतरा चुका काढल्या आणि वर्गापुढे वाचून दाखवल्या. पुढच्या आठवड्यात त्याने लिहिले, "गाय उपयुक्त प्राणी आहे. तिला चार पाय असतात." एकही चूक नव्हती. मी मोठ्या अभिमानाने ही हकिगत तुम्हाला कळवली. तुमची चिठ्ठी आली: "सतरा जागी तू मुलाची चूक दाखवलीस की तुझी पदवी? त्याला विचार, आवाज कसा वेगळा होतो. मलाही जाणून घ्यायचे आहे."

मी चार दिवस रुसलो. मग त्या मुलाजवळ जाऊन बसलो आणि विचारले. तो माझ्या हातातल्या लाल दौतीकडे पाहत राहिला. मी ती दूर ठेवली तेव्हा म्हणाला, "आपन हाक मारतो ना मास्तर, तं कोनी मोठा मानूस आपल्याले हाक मारून राह्यला असं वाटते." ती ओळ मी मोठ्याने वाचली. तुमच्यासारखी जमली नाही, पण वाचली.

हे तुम्हाला प्रत्यक्ष सांगायचे राहिले. अकोल्याहून अमरावती काही लांब नाही. आता आगगाडी आहे, सकाळी निघालो असतो तर दुपारी तुमच्या खोलीत असतो. गेल्या दिवाळीपासून तुमच्या चिठ्ठ्यांतले अक्षर हलू लागले होते. मी ते पाहिले, आणि शाईचा दोष समजलो. चिठ्ठीत तुम्ही कधी "ये" म्हणाला नाहीत. एकदा फक्त लिहिले होते, "रहीमभाई चौकशी करीत होते, सखाराम कधी येणार." काल मी रहीमभाईंना विचारले, त्यांनी खरेच अशी चौकशी केली होती का.

"मी?" ते म्हणाले. "मी कावून इचारू? रोज तं तेच मले इचारत होते, सखारामाचं पत्र आलं का."

मास्तर, त्या तुमच्या चिठ्ठीवर मी टिंब द्यायला हवे होते.

रहीमभाईंना स्टेशनावर पोचवून आलो. शाळा सुटली होती. रिकाम्या वर्गात तरटावर बसलो आणि पत्र पुढे ठेवले. पहिली सहा टिंबे लवकर सुटली. एका जागी वेलांटी, एका जागी लिंग, दोन ठिकाणी वाक्य उगाच लांबवलेले, अशी. सातव्यापाशी अडलो. ती ओळ अशी आहे: "या सुटीत यायला जमणार नाही, इथे आता मला चांगले करमते, तरी काळजी नसावी."

ला बरोबर. अनुस्वार बरोबर. करमते, तुमचाच शब्द, तुमच्याच सांगण्यावरून लिहिलेला. काल मी दिवे लागेपर्यंत ती ओळ पाहिली. आज पहाटे पुन्हा पाहिली. टिंब इतर सहांसारखे गोल नाही, बोरू टेकून तसाच राहिल्यासारखे पसरलेले आहे.

हे तुम्हाला लिहीत बसलो, आणि लिहिता लिहिता कौंडण्यपूरपाशी आलो, तेव्हा माझा हात थांबला. त्याही दिवशी मी काना-मात्रा तपासत बसलो होतो.

इथे मला चांगले करमत नाही, मास्तर. कधीच करमले नाही. तुमच्याकडून चार पत्रे परत आली की पाचव्याची वाट पाहायची, यावर मी इथली वर्षे काढली. तुम्ही काळजी करू नये म्हणून आणि मला यायचा आळस होता म्हणून ती ओळ लिहिली. तुम्हाला ती खोटी वाटली म्हणून ते टिंब, की त्या जागी आईचा शब्द हवा होता म्हणून? हे विचारायला आता कोणाकडे जाऊ? कदाचित दोन्ही असेल. तुमच्या एका टिंबात दोन चुका कधी नव्हत्या, पण पाने संपत आली आहेत हे तुम्हाला कळले असेल.

दुरुस्ती मीच करायची हा नियम. बोरू माझा, दौत माझी. ती ओळ खोडली आहे आणि खाली नवी लिहिली आहे.

"मला इथे गमत नाही."

ला तुमचा आहे, गमत आईचा. बरोबर असेल तर, मास्तर, एकदा मोठ्याने वाचा.